अल्कलाईनच्या नानाची टांग!

मागच्या महिन्यात नांदेडला घरी गेलो होतो. पुण्याहून रात्रीची बस, सकाळी सातला दारात. आईनं हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. नवीन पदार्थ केल्यावर बघते ना, तशी.

"कसं लागायलंय?"

"पाण्यासारखं," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. मग स्वयंपाकघरात नेऊन तिनं ओट्याच्या कोपऱ्यात बसवलेलं एक पांढरंशुभ्र यंत्र दाखवलं. निळा दिवा, चार-पाच बटणं, प्रत्येक बटणावर एक पीएच. स्वयंपाकाला वेगळा, प्यायला वेगळा. पिण्याचा होता ९.५. किंमत विचारल्यावर बाबांनी पेपर चेहऱ्यापुढे धरला, तेव्हाच समजलो. एक लाख चाळीस हजार रुपये.

इथपर्यंत मी गप्प बसलोही असतो. पैसे त्यांचे आहेत, आणि आम्ही पोरं फोनवर काय उधळतो ते सगळ्यांना माहीत आहे. पण दुपारी जेवताना लक्षात आलं की आईनं शुगरची गोळी घेतली नाही. विचारलं तर म्हणाली, "एक वेळची बंद केली. शरीर अ‍ॅसिडिक झालं की शुगर वाढायली म्हणे. आता पाणीच अल्कलाईन आहे, मग गोळी कशाला रे?"

डोकं सटकलं. म्हणून हा लेख.

सगळ्यात वाईट भाग अजून सांगायचाच आहे. ते यंत्र विकणारा कोणी बाहेरचा भामटा नव्हता. माझाच वर्गमित्र. अकरावी-बारावीला आम्ही दोघं लातूरला एका खोलीत राहायचो. आयोनिक इक्विलिब्रियमच्या टेस्टमध्ये त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.

ज्यांनी हा चमत्कार पाहिला नाही त्यांच्यासाठी, घरी येऊन दाखवतात काय ते आधी सांगतो. दोन प्रयोग असतात. पहिल्यात तुमच्या बोअरच्या पाण्यात धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण बुडवतात आणि प्लग लावतात. मिनिटभरात पाणी तपकिरी, वर गाळ. "बघा काकू, हे पिता तुम्ही!" शेजारच्या ग्लासात त्यांचं शुद्ध पाणी, ते मात्र स्वच्छच राहतं. काकू गार.

त्यातला बराचसा गाळ पाण्यातला नसतोच. तो कांडीचा असतो. लोखंडाची कांडी विजेनं झिजते, त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि ते तपकिरी दिसतं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, कांडी झिजत नाही. त्या "शुद्ध" ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा प्लग लावायला सांगा. तोही तपकिरी होईल. विक्रेत्याचा चेहरा मात्र पांढरा होईल.

दुसरा प्रयोग रंगाचा. एका बाटलीतून थेंब टाकतात. कोल्ड्रिंक लाल-केशरी, आरओचं पाणी पिवळं, त्यांचं पाणी निळं-जांभळं. पिवळं म्हणजे आम्ल, निळं म्हणजे आरोग्य. मग एक वाक्य येतं, "९.५ म्हणजे साध्या पाण्याच्या शंभरपट अल्कलाईन!"

गंमत म्हणजे हे वाक्य खोटं नाही. पीएचची मोजपट्टी लॉगची आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सननं १९०९ मध्ये ती मांडली, तेव्हापासून एक अंक म्हणजे दहापट. ७.५ वरून ९.५ म्हणजे शंभरपट हायड्रॉक्साइड. पण शंभरपट कशाच्या? मुळात साध्या पाण्यात तो असतो नगण्य. नगण्याच्या शंभरपट म्हणजे किती, एवढाच हिशेब करायचा.

करूया. लातूरला असे हिशेब आम्ही ४० सेकंदांत करायचो.

पीएच ९.५ असलेल्या एक लिटर पाण्यात हायड्रॉक्साइड असतो १० चा उणे ४.५ घात, म्हणजे सुमारे ०.०३ मिलिमोल. आता तुमचं जठर. रिकाम्या पोटी तिथल्या रसाचा पीएच १.५ पर्यंत खाली असू शकतो. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये आम्ल असतं तेवढंच, ०.०३ मिलिमोल. म्हणजे दीड लाखाच्या यंत्रातून आलेलं पूर्ण एक लिटर पाणी, त्यातल्या त्या हायड्रॉक्साइडचा निकाल लावायला जठरातला एक मिलिलिटर रस पुरतो. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं.

संपलं. इथं लेख संपायला हरकत नाही. पण हाच धडा आपल्याला शाळेत धड शिकवलेला नाही, म्हणून जरा पुढं जाऊ.

पीएच म्हणजे तोटीला पाण्याचा जोर किती आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती शिल्लक आहे, ते पीएच सांगत नाही. ते सांगते अल्कता, म्हणजे पाणी किती आम्ल पचवू शकतं तो साठा. तोटी जोरात आणि टाकी रिकामी असं असू शकतं. नांदेड-लातूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आमच्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली. पीएच ७.६. एकूण अल्कता लिटरला ३१० मिलिग्रॅम. म्हणजे सहा मिलिमोलच्या वर आम्ल पचवण्याची ताकद. यंत्राच्या ०.०३ शी तुलना करा. दोनशेपट! ज्या बोअरच्या पाण्याला "अ‍ॅसिडिक, गढूळ, घाण" म्हणून आईसमोर नावं ठेवली, ते त्या निळ्या दिव्याच्या पाण्याहून कितीतरी जास्त आम्ल रिचवू शकतं. फुकट.

हा साठा येतो कुठून? पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन खाली येतं, त्यामुळे स्वच्छ पावसाचाही पीएच साधारण ५.६ असतो. ते आपल्या काळ्या रानातून, चुनखडीतून, खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपतं आणि वाटेत तिथलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. आम्ल संपतं आणि पाण्यात बायकार्बोनेट उरतं. हाच बफर. वरून आम्ल टाका, बायकार्बोनेट त्यातला हायड्रोजन उचलतं, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, तो वायू होऊन उडून जातो. आम्लारी टाका, तर कार्बोनिक आम्ल आपला हायड्रोजन सोडून ती निपटतं. दोन्हीकडून धक्के खाऊनही पीएच जागचा फारसा हलत नाही.

तुम्ही हा बफर रोज बघता. गिझरच्या कॉइलवर बसतो तो पांढरा थर म्हणजे गरम झाल्यावर कार्बन डायऑक्साइड उडालेलं बायकार्बोनेटच. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ती याच पाण्यातल्या कॅल्शियममुळे. मुखेडकडे आमच्या काकांचं चुनखडीचं रान आहे. त्यांच्या माती तपासणीच्या कागदावर "सामू ८.२" लिहिलेलं असतं. सामू म्हणजे पीएचच. सोयाबीन पिवळं पडायला लागलं की काका म्हणतात, "या रानात पोतंभर गंधक टाकलं तरी सामू हलत नाही. चुना खाऊन टाकतो सगळं." बफर कपॅसिटीची यापेक्षा चांगली व्याख्या मला अकरावीत कोणी दिली नव्हती. काका नववी पास आहेत.

आईला पटवायला मी विक्रेत्याचीच थेंबांची बाटली घेतली. एका ग्लासात यंत्राचं पाणी, निळं. दुसऱ्यात बोअरचं, हिरवं. दोन्हींत स्ट्रॉ घालून आईला म्हटलं, फुंक. चार-पाच फुंकरींत निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं. बोअरचं हिरवं ते हिरवंच. आई बघतच राहिली. "माझ्या तोंडात एवढं अ‍ॅसिड आहे?" नाही गं आई. तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड. जे पाणी तुझ्या चार फुंकरींसमोर टिकत नाही, ते तुझ्या रक्ताचं काय करणार?

आणि रक्ताचंच बोलायचं तर रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिमटीत असतो. त्यात लिटरला साधारण २४ मिलिमोल बायकार्बोनेट आणि १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. गुणोत्तर वीसास एक. आता आपलं लाडकं सूत्र, पीएच = पीकेए + लॉग. ६.१ अधिक लॉग २०. लॉग २० म्हणजे १.३. उत्तर ७.४. हेंडरसन-हॅसलबाखच्या समीकरणाचा हॅसलबाख हा डॅनिश डॉक्टर, आणि त्यानं ते रक्तासाठीच या रूपात मांडलं होतं. आम्ही मात्र दोन वर्षं त्यात फक्त अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि सोडियम अ‍ॅसिटेट भरत बसलो.

हे वीसास एक राखण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. फुप्फुसं मिनिटामिनिटाला, मूत्रपिंडं तासा-दिवसांत. तुम्हाला रक्त खरंच अल्कलाईन करून बघायचंय? जोरजोरात भरभर श्वास घ्या. कार्बन डायऑक्साइड बाहेर जाईल, पीएच वर सरकेल. मग काय होतं? बोटांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं. अल्कलाईन शरीर ते हेच. डॉक्टरांच्या भाषेत त्याला अल्कलोसिस म्हणतात आणि दवाखान्यात त्यावर उपचार करतात, ते विकत नाहीत.

उलट मधुमेहात आम्लाचा खरा धोका असतो तो वेगळाच. इन्सुलिन फारच कमी पडलं तर शरीर चरबी जाळू लागतं, कीटोन आम्लं साचतात, बायकार्बोनेटचा साठा आटत जातो, माणूस खोल खोल श्वास घेऊ लागतो. जीव जाऊ शकतो. त्यावर उपाय इन्सुलिन, सलाईन आणि दवाखाना. म्हणजे शुगरमुळे आम्ल वाढू शकतं. आम्लामुळे शुगर होते हे यांनी उलटं करून विकलं, आणि वर गोळ्या-इन्सुलिन सोडायची हिंमत लोकांना दिली. पेशंटला, ज्याला त्या बफरची सगळ्यात जास्त गरज आहे!

नोबेलचा दाखलाही देतात. ओटो वॉरबुर्गला "अल्कलाईन शरीरात कॅन्सर होत नाही" यासाठी नोबेल मिळालं म्हणे. वॉरबुर्गला १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या कामासाठी. "पीएच मिरॅकल" हे पुस्तक २००२ मध्ये काढून हे खूळ गावोगाव नेणारा अमेरिकेतला रॉबर्ट यंग, त्याला २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात परवाना नसताना डॉक्टरकी केल्याबद्दल दोषी ठरवलं. हे माहितीपत्रकात नसतं.

२०१६ वरून आठवलं. तेव्हा आम्ही लातूरला होतो. बारावीची परीक्षा झालेली, मेमध्ये सीईटी. मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावली होती, कलम १४४. आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. देशभरचे कॅमेरे स्टेशनवर. आम्ही दोघं खोलीवर एका घागरीत दोघांची अंघोळ बसवून इक्विलिब्रियमची उजळणी करत होतो. घागरीच्या आतल्या बाजूला पांढरा थर होता. त्या थराचं समीकरण आम्हाला पाठ होतं. तो थर आणि ते समीकरण एकच आहे हे एकदाही डोक्यात आलं नाही. विचारायला वेळ कुठे होता? आम्ल आणि क्षार समान, तर पीएच बरोबर पीकेए, पर्याय ब, पुढचा प्रश्न.

लातूर पॅटर्नला शिव्या देणं हा पुण्या-मुंबईतल्या लोकांचा छंद आहे आणि मला तो आवडत नाही. ज्या भागात ना कारखाने ना पाणी, तिथल्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या पोरांना त्या पॅटर्ननं डॉक्टर-इंजिनियर केलं. माझी नोकरी, माझं हे लॅपटॉपवर बसून लिहिणं त्याच सरावाची कमाई आहे. पण खरं ते बोललं पाहिजे. आम्हाला उत्तर काढायला शिकवलं, प्रश्न ओळखायला नाही. प्रश्न छापून आला तर आम्ही वाघ. तोच प्रश्न ओट्यावर निळा दिवा लावून बसला तर आम्ही काकू.

आता त्या यंत्राच्या नळीकडे बघा. आत दोन पाट्या असतात. एका पाटीशी हायड्रोजन सुटतो आणि पाणी अल्कलाईन होतं. दुसऱ्या पाटीशी पाणी आम्लधर्मी होतं, आणि ते बारीक नळीतून सिंकमध्ये जातं. त्याआधी आरओ बसवला असेल तर त्याचं फेकलेलं पाणी वेगळंच, बऱ्याच घरगुती आरओंमध्ये एका लिटरमागे दोन-तीन लिटर. ज्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या शहरात आपण पाणी गटारात सोडून नगण्याच्या शंभरपट काहीतरी पितोय. आणि वर्तमानपत्रात "पाणी वाचवा" वाचतोय.

"पण आईला बरं वाटतं ना?" असं बहीण म्हणाली. वाटतं. कारण यंत्र आल्यापासून ती दिवसाला तीन लिटर पाणी पितेय, आधी एक पीत होती. माठाचं तीन लिटर प्यायली तरी बरं वाटेल. "जपानमध्ये सरकारमान्य आहे." आहे, पण दावा करायची मुभा आहे ती पोटाच्या किरकोळ तक्रारींपुरती. शुगर, बीपी, कॅन्सर त्यात कुठेच नाही.

आणि सगळ्या बोअरचं पाणी अमृत आहे असं मी अजिबात म्हणत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, दात पिवळे पडलेली, हाडं वाकलेली माणसं आहेत. तिथं गंमत बघा. ज्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यात फ्लोराइड जास्त विरघळून राहतं, कारण खाली बसवायला कॅल्शियमच नसतं. म्हणजे निसर्गातलं जास्त अल्कलाईन पाणी कधी कधी जास्त घातक असतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक पीएच ६.५ ते ८.५ सांगतं. फ्लोराइड १ च्या आत, फार तर दीड मिलिग्रॅम. नायट्रेट ४५ च्या आत, त्यात सूट नाही. यातलं काही जास्त असेल तर आरओ बसवाच. पण आधी तपासा. फ्लोराइडचा रंग त्या बाटलीतल्या थेंबांना दिसत नाही.

रात्री मित्राला फोन लावला. ठरवून लावला होता, शिव्या द्यायला.

"तुला बफर माहीत नाही का बे?"

"माहीत आहे ना. पण ते परीक्षेला होतं बे. हे मार्केट आहे."

"आईनं गोळी बंद केलीय."

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गोळी बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. शुगर कमी येते एवढंच म्हटलं." पुन्हा गप्प. "मी स्वतः तीन मशिनी उचलल्यात. दोन घरातच पडून आहेत. हप्ता चालू आहे."

आमची २०२० ची बॅच. माझं जॉइनिंग चार महिने उशिरा आलं, त्याचं आलंच नाही. त्याला शिव्या देऊन झाल्या, तरी समाधान काही वाटलं नाही. त्यानं ते यंत्र विकलं कारण बफर त्याच्यासाठी चार मार्कांची गोष्ट होती. माझ्यासाठी तरी वेगळं काय होतं? मी इतकी वर्षं घरी जातोय, त्याच नळाचं पाणी पितोय. एकदा तरी आईबाबांना बसवून सांगितलं का, की हे पाणी असं आहे, त्यात हे आहे, कोणी काही विकायला आलं तर आधी मला फोन करा? नाही. मी वायफायचा पासवर्ड बदलून परत येत होतो. ती जागा रिकामी होती, तिथं निळा दिवा येऊन बसला.

तेव्हा मंडळी, या शनिवार-रविवारी एक काम करा. घरी फोन लावा. ओट्यावर काही नवीन आलंय का विचारा, आणि त्यासोबत कुठली गोळी गेलीये का तेही विचारा. दुसरं म्हणजे, पाण्याची एक बाटली भरून तपासायला द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. नुसता पीएच मागू नका. टीडीएस, कडकपणा, अल्कता, फ्लोराइड, नायट्रेट, आणि जंतूंची वेगळी तपासणी मागा. रिपोर्ट फ्रीजवर चिकटवा. यंत्र विकायला येईल त्याला आधी तो वाचायला लावा.

आईची गोळी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली, डॉक्टरांकडे नेऊन आणलं. यंत्र परत घेत नाहीत म्हणे. सध्या त्याच्यावर आईनं कोथिंबिरीची जुडी ठेवलीये.